मांडीएवढा पाऊस

‘पाऊस बरा झाला’ असं नानांसमोर म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा गल्लीतला असो, पाहुणा असो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी असो, नाना हातातला घास ताटात ठेवत आणि विचारत, “बरं म्हणजे कितलं?” समोरचा बिचारा हसून सांगे की नाला भरून वाहिला, गुरांना पाणी झालं, अजून काय पाहिजे. मग नाना ताटावरून उठायचेच तेवढे बाकी राहत. ‘बरा’, ‘थोडा’, ‘सुमारे’, ‘अंदाजे’ हे शब्द कानावर पडले की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. एकदा माझ्या आबांना, म्हणजे वडिलांना, त्यांनी भर गल्लीत सुनावलं होतं, “तुले कितल्या पोरी शेत असं कोनी इचारं तं ‘बऱ्या शेत’ सांगशी का?” ‘शेत’ म्हणजे आमच्या अहिराणीत ‘आहेत’, आणि आम्ही चौघी बहिणी ओट्यावर बसलेल्या होतो. आबा हसले, आम्ही हसलो, नाना हसले नाहीत.

आमच्या तालुक्याच्या गावी एका सरकारी कचेरीत नाना शिपाई होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते चांगलं नाही, आणि त्या वेळचं आता तिथे उत्तर द्यायला कोणी उरलेलं नाही. कचेरीच्या मागे तारेचं कुंपण घातलेली चटईएवढी जागा होती आणि तिथे पाऊस मोजायचं यंत्र. साहेबांचा चहा, टपाल, खुर्च्या पुसणं, ही सगळी कामं नाना करत, पण त्यांच्या लेखी काम एकच. सकाळी साडेआठला कुंपणाचं दार उघडायचं, यंत्रातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेशी आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. गल्लीत त्यांना ‘मिलिमीटर नाना’ म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती.

हे ते उन्हाळ्यातही करत. चार-चार महिने आभाळात ढगाचा ठिपका नसे, तरी साडेआठला नाना कुंपणात. यंत्र उघडायचं, आत कोरडं आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि वहीत शून्य घालायचं. कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना एकदा सल्ला दिला की महिन्याची शून्यं एकदमच लिहून टाका, कशाला उन्हात जाता. नानांनी त्याच्याशी पुढे वर्षभर बोलणं टाकलं. आबांना ती हकीकत सांगताना ते म्हणाले होते, “शून्य बी माप शे. उघाडीसनी दखं नही तं ते शून्य नही, ती नुसती खाली जागा.”

हे वेड त्यांना पुण्याला लागलं. नोकरीच्या सुरुवातीला यंत्र कसं वाचायचं ते शिकायला त्यांना आठवडाभर तिकडे पाठवलं होतं. तिथे भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि कुठे वर्षाला किती पाऊस पडतो ते त्यावर लिहिलेलं होतं. बाकीचे शिपाई दुपारी पुणं बघायला गेले, नाना आकडे उतरवत बसले. पण नुसता आकडा सांगून लोकांच्या डोक्यात काही शिरत नाही हे त्यांना लवकरच कळलं, आणि मग त्यांनी पाऊस माणसाच्या अंगावर मोजायला सुरुवात केली. वर्षाचा सगळा पाऊस वाहिला नाही, मुरला नाही, उन्हाने प्यायला नाही, जागच्या जागी उभा राहिला, तर कुठपर्यंत येईल? आपल्या तालुक्याचा गुडघ्याच्या चार बोटं वर. जैसलमेरचा वीतभर. इजिप्तच्या राजधानीचा बोटाच्या एका पेराएवढा. चिली नावाच्या देशात एक वाळवंट आहे, तिथला नखाएवढाही नाही. मुंबईत माणूस हात वर करून उभा राहिला तरी त्याची बोटं बुडतील. आणि चेरापुंजीसाठी नाना आम्हाला गल्लीच्या टोकाशी नेऊन पाण्याची टाकी दाखवत. खांबांवर उभी असलेली, तीन मजल्यांच्या वर जाणारी टाकी. चेरापुंजीचा एका वर्षाचा पाऊस पार टाकीच्या झाकणापर्यंत. “आनि टाकीमा काय शे?” ते विचारत. टाकीत काही नसे. बांधल्यापासून ती चार वेळा भरली होती, त्यातली एक वेळ उद्घाटनाची.

त्यांचा मोठा राग लंडनवर होता. लंडनचा पाऊस आपल्याएवढाच, गुडघ्याच्या चार बोटं वर. लोकांना हे खोटं वाटे, कारण इंग्लंडात बारा महिने पाऊस पडतो असं सगळे शाळेत शिकलेले. पडतो बारा महिने, पण चाळणीतून गाळल्यासारखा. आपला तेवढाच, पण चाळीस दिवसांत येतो आणि तापीला मिळून मोकळा होतो. मागे राहतं ते ऊन पिऊन टाकतं. “पानी कमी नही शे आपलाकडे,” नाना म्हणत, “पानी थांबस नही. थांबाडनारं कोनी नही.” हे म्हणताना त्यांचा आवाज चढे. आभाळाला शिव्या देणाऱ्या माणसाला ते ओट्यावरून उठवून लावत. देवाने गुडघाभर दिलं आहे, त्याच्या मापात खोट नाही, पुढचं काम आपलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि सरासरी. तेव्हा नवापूरपासून आमच्यापर्यंत धुळे जिल्हा एकच होता. नवापूरकडे डोंगरात कमरेच्या वर पाऊस, आमच्याकडे गुडघ्याशी. दोन्ही मिळवून भागलं की मांडी येते. रेडिओवर बाई गोड आवाजात सांगत, जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला आहे. नाना रेडिओशी भांडत. “मांडीइतलं पानी जिल्हामा कोठेच पडत नही. एक गाव दखाडा माले, एक.” मांडीएवढा पाऊस कागदावर पडतो आणि कागदावरच मुरतो, हे मला तेव्हा गमतीचं वाटे. पुढे त्यात माझीच घागर रिकामी राहिली तेव्हा गंमत संपली. आजही बातम्यांत तो शब्द आला की मी रेडिओ बंद करते. घरातले म्हणतात, हिचं काहीतरीच.

माझं लग्न झालं ते धामणखेड्याला, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, एस.टी.ने दीड तासावर. त्या वर्षी आमच्या बाजूच्या गावांना पावसाने तोंड दाखवलं नाही. बाजरी वीतभर वाढून वाळली. आणि भादव्यात एका रात्री तालुक्याच्या गावावर, फक्त त्या गावावर, ढग फुटला. रस्ते वाहिले, कचेरीत पाणी शिरलं. एका रात्रीत इतका पडला की तालुक्याचं वर्षाचं माप पुरं झालं. यंत्र तालुक्याला एकच होतं, आणि ते त्या रात्री काठोकाठ भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाजूची पाच-सात माणसं नानांकडे आली. त्यात माझे सासरे होते. त्यांचं मागणं सरळ होतं. अर्धं पाणी सांडून द्या, नाना. कोणाला कळणार आहे? हा आकडा वर गेला तर उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येणार नाही, तालुक्यात भरपूर पाऊस म्हणून हात झटकतील. नानांनी त्यांना कुंपणाबाहेरून हाकललं. “पडनं ते लिखसू,” म्हणाले, “आनि नही पडनं ते बी लिखसू, पन ते मोजानी सोय मन्हाकडे नही.” सासरे घरी आले ते तोंड पाडून. त्या दिवसापासून आमच्या घरात नानांचं नाव शिवी दिल्यासारखं घेतलं जाऊ लागलं. नाना माझ्या माहेरच्या गल्लीतले, म्हणून त्यातली अर्धी शिवी माझ्या वाट्याला येई.

आणि झालंही तसंच. वरून सांगितलं गेलं की तालुक्यात सरासरीच्या वर पाऊस आहे, टँकर कशाला. त्या उन्हाळ्यात आम्ही बायका दोन मैलांवरच्या विहिरीत दोराने उतरत होतो. तळाशी बसून वाटीने पाणी भरायचं, वाटीने. हे ज्याने ठरवलं त्याच्या घरी नळ होता एवढं मला माहीत आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी आले. खान्देशातल्या सासुरवाशिणीला आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, पुरणाचे मांडे, आणि तालुक्यात विखुरलेल्या पोरी पुन्हा एका ओट्यावर. आम्ही अशा बसलेल्या असताना नाना आले. आमच्या फुटलेल्या टाचा आणि सोललेले तळहात त्यांनी उभ्या उभ्या बघितले. मग एकेकीला विचारू लागले, तुन्हा गावले कितलं पडनं? कोणी म्हणालं थोडंच, कोणी म्हणालं नहीच म्हना, मीसुद्धा म्हणाले, थोडंसंच, नाना. मला वाटलं आता भडकतील. ते नुसते आमच्याकडे बघत राहिले आणि मनात काहीतरी मोजत राहिले.

चार दिवसांनी ते हातगाडी घेऊन आले. गाडीवर डालड्याचे रिकामे डबे, सगळे एका मापाचे, आणि शाळेतल्या लाकडी फूटपट्ट्या शून्याच्या रेघेवर कापलेल्या. आमच्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या मिळून सव्वीस माहेरवाशिणी होत्या आणि सव्वीस जणींची सासरं सव्वीस गावांत. सरकारने तालुक्याला एक यंत्र दिलं होतं, नानांनी सव्वीस दिली. डबा अंगणात उघड्यावर ठेवायचा, वळचणीपासून लांब. सकाळी साडेआठला पट्टी उभी बुडवायची, आकडा लिहायचा, पाणी ओतून द्यायचं. आठवड्याचे सात आकडे एका कार्डावर. कोऱ्या कार्डांचा गठ्ठाही त्यांनी प्रत्येकीला दिला, स्वतःच्या पदरचा. लेकींना साडीचोळी देतात, हा माणूस डबा देत होता. पण ज्या पोरींना सासरी माहेरच्या पत्राचं नाव काढायची चोरी होती, त्या आता दर आठवड्याला लिहू लागल्या. सरकारी काम म्हटल्यावर सासू काय बोलणार? आकड्यांखाली एखादी ओळ असे, आम्ही सर्व बरे आहोत. नाना ते त्या पोरीच्या घरी जाऊन वाचून दाखवत आणि ‘बरे’ शब्दावर तिथेही चिडत.

माझी सासू, तिला सगळे जिजी म्हणत, मला मात्र बोलली. दिराच्या लग्नाचं चाललं होतं आणि बोलणी माझ्याच माहेरच्या गावात सुरू होती. कार्ड म्हणजे उघडं पत्र, पोस्टमनपासून सगळे वाचणार, नाना तर गल्लीत वाचूनच दाखवतात. पाणी नसलेल्या गावात पोरगी कोण देतं? पहिल्या आठवड्याचं कार्ड जिजीने माझ्याकडून वाचून घेतलं. शून्य, शून्य, सहा, शून्य. ती म्हणाली, “झाकेल मूठ सव्वा लाखनी. आमना गावले भिकारी ठरावाले उनी का तू? लिख, पानी बरं शे.”

जिजीवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर तापीकाठी. तिच्या कार्डावर तीस, चाळीस असे आकडे येत आणि ते आमच्या घरी वाचले जात. सासरचं उणं माहेरी सांगायचं नाही, हे तर आम्ही पाळण्यातच शिकतो. मी रोज सकाळी डब्यात डोकावत होते. तळाला धूळ, कधी निंबाचं वाळलेलं पान, एखाद्या दिवशी पट्टीचं टोक तेवढं भिजे. ते बघायचं आणि कार्डावर लिहायचं दहा. मग पंधरा. मग वीस. माझा हात एकदाही कापला नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

नाना प्रत्येकीला उत्तर लिहीत, दोन ओळींचं, पुस्तकी मराठीत. कोणाला चेरापुंजी, कोणाला सहारा. माझ्या तिसऱ्या कार्डाला उत्तर आलं: ‘चिली देशातील वाळवंटातही पाऊस मोजणारा मनुष्य असतो. त्याच्या वहीत वर्षभर शून्य असते. तरी तो रोज उघडून बघतो आणि शून्यच लिहितो.’ मी ते दोनदा वाचलं. कळलं मला, कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. पुढच्या कार्डावर मी पुन्हा पंधरा लिहिलं.

दिवाळीला सगळ्या पोरी आल्या. नानांनी सव्वीस गावांची कार्डं सुतळीने बांधली आणि साहेबांची वेळ मागून घेतली. तालुक्याच्या यंत्रात पाऊस पुरेसा होता, पण अकरा गावांच्या डब्यांत जवळजवळ काही नव्हतं. त्या अकरा गावांना तरी टँकर लावा, एवढंच मागणं. धामणखेडं त्या अकरांत धरलेलं नव्हतं, पण होतं त्यांच्या मधोमध. बरोबर न्यायला त्यांनी मला निवडलं, मी मॅट्रिक झालेली म्हणून. मी नाही म्हणू शकले नाही. काय कारण सांगणार होते?

साहेब नवीन आले होते, पांढराशुभ्र शर्ट, बोलायला वाईट नव्हते. त्यांनी कार्डं चाळली, मधूनमधून मानही हलवली. एक क्षण मला वाटलं, होणार. मग त्यांचा हात माझ्या गठ्ठ्यावर थांबला. “हे काय? शेजारच्या तीन गावांत शून्य आणि इथे दहा, पंधरा, दहा, वीस? पाऊस काय पट्टी बघून पडतो, नाना?” बाजूला उभा असलेला कारकून, तोच तो, खो खो हसला. साहेब पुढे जे म्हणाले ते मी शब्दाला शब्द विसरलेले नाही. “असं करा, हा गठ्ठा काढून टाका. बाकीचे पाठवतो मी वर. हा राहिला तर सगळ्यावरच कोणी विश्वास ठेवणार नाही.”

एक गठ्ठा काढायचा होता. हात पुढे करून उचलायचा आणि पिशवीत टाकायचा. नाना उभे राहिले. म्हणाले, “साहेब, आलेलं माप मला काढता येत नाही. जिने मोजलं तिने चुकलं म्हणावं, तर ते चुकलं. मी कोण?” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांना ठाऊक नव्हतं की धामणखेड्याची सून मीच. नाना नावही घेणार नव्हते. ते फक्त थांबले. भिंतीवर घड्याळ होतं, पंखा होता, कारकून दात कोरत होता. माझ्या डोळ्यांसमोर दिराची बोलणी होती, जिजी होती, आबांची खाली जाणारी मान होती. अकरा गावं नव्हती. मी मूग गिळून बसले.

नानांनी कार्डं पुन्हा बांधली, एक एक गठ्ठा, सुतळीला गाठ मारून. बाहेर आल्यावर ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. ज्या माणसाने ‘बरा’ म्हटल्याबद्दल परक्यांना पंगतीत झोडलं, तो माणूस मला एक अक्षर बोलला नाही. उंबऱ्याशी आल्यावर म्हणाला, “पानी पी, उन्हं लागी जाई तुले.” त्या क्षणी त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. मला त्यांचा राग आला. खरं सांगते, स्वतःपेक्षा जास्त त्यांचाच आला. एवढा कसला तुमचा हट्ट? काढला असता तो गठ्ठा तर काय आभाळ कोसळलं असतं?

टँकर आले नाहीत. दिराचं लग्न मात्र झालं, माझ्याच माहेरच्या गल्लीतली पोरगी, मंदा. तिच्या वडिलांनी धामणखेड्याची कार्डं नानांच्या तोंडून ऐकली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती माझ्यामागे दोराने विहिरीत उतरली. वर आली तेव्हा तिच्या तळहाताची साल निघाली होती. हात फुंकत तिने मला विचारलं, “वहिनी, कार्डमा तं पानी बरं व्हतं ना?” ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. मी तिची घागर माझ्या डोक्यावर घेतली. दुसरं काय करणार होते?

त्या आखाजीला मी माहेरी गेले तेव्हा नाना कार्डांचा नवा गठ्ठा घेऊन दाराशी आले. मी आत लपले, चुलीपाशी. त्यांनी मायजवळ गठ्ठा दिला आणि निघून गेले. त्यानंतर मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. जिजी ओरडली तरी नाही. शून्य तर शून्य. नाना उत्तरं लिहीत राहिले, पण त्या एका पावसाळ्याबद्दल कधी एक शब्द नाही. एकेक करून बाकीच्या पोरींचे डबे गंजले, काहींनी लिहिणं सोडलं, एक बाळंतपणात गेली. नाना निवृत्त झाले. पुढे कधीतरी वरच्यांना जाग आली, तालुक्याला एक यंत्र पुरत नाही असं कोणाच्या तरी मोठ्या डोक्यात आलं, आणि अजून यंत्रं बसवायचं ठरलं. त्याची बातमी आली, फोटो आला. नानांना कोणी बोलावलंसुद्धा नाही. मी त्या फोटोवर भाजी निवडली.

लग्नानंतरच्या दहाव्या आखाजीला गेले तेव्हा नाना खाटेवर होते. पाय सुजलेले, दम लागायचा. ओसरीच्या खुंट्यांवर कार्डांचे गठ्ठे टांगलेले, गावागावाचे वेगळे. त्यांनी धामणखेड्याचा गठ्ठा काढायला सांगितला, पहिल्या वर्षाचा. सुतळी सोडली, माझं अक्षर समोर आलं. दहा. पंधरा. वीस. ते म्हणाले, “बेटा, हाई साल मन्हाकडे खोटं शे. खरं कितलं पडनं?”

मला आठवावं लागलं नाही. नऊ वर्षं मी ते आकडे पाठ म्हणत होते, जात्यावर, विहिरीवर, झोप येत नसली की. मी सांगायला लागले. मृगाच्या तिसऱ्या दिवशी सहा. आर्द्रात दोनदा, चार आणि नऊ. मग पुरा आषाढ कोरडा. नाना डोळे मिटून ऐकत होते. नागपंचमीच्या सुमाराला तीन, मी म्हणाले.

नाना खाटेवर उठून बसले. “सुमाराले?” त्यांचा आवाज गल्लीत गेला असेल. “सुमाराले म्हनजे काय वं? कोनता दिन? पंचमी का छठ? मोजाले बसाडेल व्हती तुले का गप्पा माराले?” त्यांना ठसका लागला, आतून काकू, नानांची बायको, धावत आल्या, पण ते थांबेनात. मोजायची शिस्त नाही, शिकून काय उपयोग, मॅट्रिक झाली म्हणे. मी हमसून हमसून रडत होते आणि रडता रडता सांगत होते, “छठ, नाना. पंचमीनी रातले पडनं, छठना सकायले मोजं.” काकूंना वाटलं मला लागलं. मी त्यांना म्हणाले, ओरडू द्या हो त्यांना.

“लिख मंग,” नाना म्हणाले.

जुन्या कार्डांवर त्यांनी रेघ मारू दिली नाही. नवं कार्ड घेतलं, त्यावर त्या पावसाळ्याचे खरे आकडे मी लिहिले, सहा, चार, नऊ, तीन, भादव्यातले दोन, आणि बाकी सगळी शून्यं, एकेक, मोजून. खाली माझं नाव. त्यांनी ते जुन्या कार्डांच्या मागे ठेवलं आणि गठ्ठा पुन्हा बांधला. गाठ त्यांना बसेना, मी गाठीवर बोट धरलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात नाना गेले. दहाव्याला गल्लीत बसलेली माणसं म्हणत होती, चांगला माणूस होता, वयही झालं होतं, पासष्टीच्या आसपास असतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आतून ओरडून सांगितलं, सहासष्ट वर्षं, चार महिने.